सोलापूरच्या उन्हात कोई पाळतोय: ६००० लिटरमध्ये मासे किती, फिल्टर केवढा?

मंडळी, मदत हवी आहे.

जुळे सोलापुरात घरामागे हौद बांधलाय. आतून १० बाय ६ फूट, पाणी साडेतीन फूट, म्हणजे साधारण ६००० लिटर. त्यात सहा-सात इंची १४ कोई (रंगीत जपानी कार्प मासे) आहेत. फिल्टर म्हणजे २०० लिटरचा निळा ड्रम, आत स्पंज आणि लाव्हाचे खडे. पंप ताशी २००० लिटरचा. पाणी बोअरचं, पीएच ८.४. टेस्ट किटवर अमोनिया (माशांच्या घाणीतून पाण्यात येणारा) लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम येतोय. मासे मात्र ठणठणीत, खाण्यावर तुटून पडतात.

दुकानदार म्हणतो, यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) बसवा आणि अजून पंचवीस सोडा. यूव्हीने पाण्याचा हिरवेपणा जाईल, अमोनिया कसा जाणार?

'दर आठवड्याला २० टक्के पाणी बदला' हे सगळीकडे वाचलं. म्हणजे १२०० लिटर! आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि मे महिन्यात बोअर दम टाकतं. फार तर ६०० लिटर काढता येईल, तेही लिंबाच्या झाडांना जातं म्हणून घरचे गप्प बसतात. शिवाय दुपारी वीज गेली की पंप बंद. एवढ्यावर किती मासे ठेवावेत? फिल्टर कसा वाढवू?

प्रतिसाद १:
पंचवीस विसरा, चौदाच जास्त आहेत. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, मोठ्या माशामागे हजार लिटर धरा. तुमच्याकडे सहा, आणि पाण्याची ओढ बघता मी पाचच ठेवीन.
०.५ ला किरकोळ समजू नका. पीएच ८.४ आणि पाणी ३० अंश असेल तर अमोनियाचा सहावा हिस्सा विषारी रूपात असतो. आजपासून खाणं निम्मं करा.
पंप ताशी निदान ३००० लिटरचा हवा, ५००० असेल तर उत्तम. दुसरा ड्रम जोडा: पहिल्यात ब्रश, गाळ अडवायला; दुसऱ्यात अमोनिया संपवणाऱ्या जिवाणूंसाठी प्लास्टिकचं मीडिया (ज्यावर ते वाढतात ते तुकडे) आणि खालून हवा. जुना ड्रम काढू नका, नवीन मीडिया पिकायला, म्हणजे त्यावर जिवाणू वाढायला, महिना-दीड महिना लागतो. धुवायचं ते हौदाच्याच पाण्यात, नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

प्रतिसाद २:
इन्व्हर्टरवर पंप नाही झेपला तरी एअर पंप ठेवाच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला सव्वासातच्या आसपास. हिरव्या पाण्यातलं शेवाळ रात्री तोही ओढतं, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात. हौदावर हिरवी जाळी आत्ताच बांधा, एप्रिलची वाट बघू नका.

धागाकर्ता:
आभार. खाणं आजच निम्मं केलं, जाळी रविवारी. सहा ठेवतो. उरलेले आठ सोलापूर-पंढरपूरकडे कुणाला हवेत का? ५००० लिटरच्या वर हौद आणि चालू फिल्टर असेल तरच विचारा, काचेच्या टाकीसाठी देणार नाही.