लग्नाच्या आधारे ग्रीन कार्डाचा अर्ज करणे म्हणजे कमीपणा घेणे आहे का?

रानवाट

गेल्या आठवड्यात इथे एका जोडप्याने साधा प्रश्न विचारला होता. ती अमेरिकेची नागरिक आहे, तो भारतीय असून शिक्षण संपवून ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर) नोकरी करतो. एच-१बीच्या (कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसाच्या) लॉटरीत त्याचे नाव अद्याप लागलेले नाही आणि दोघांचे लग्न ठरलेले आहे. लग्न लवकर नोंदवून ग्रीन कार्डाचा (अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचा) अर्ज करावा, की पुढच्या मार्चमधल्या नोंदणीची वाट पाहावी, एवढेच त्यांना ठरवायचे होते. त्यावर खडूफळा यांनी लिहिले की, ‘स्वाभिमानी माणसाने आधी स्वतःच्या नोकरीवर व्हिसा मिळवावा, मगच लग्न करावे, बायकोच्या सहीने मिळालेला कागद आयुष्यभर टोचत राहतो.’ या वाक्याला चार ओळींत उत्तर देणे मला शक्य नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

‘स्वतःच्या नोकरीवर’ मिळणारा व्हिसा खरोखर कुणाचा असतो, हे आधी पाहू. एच-१बीचा अर्ज कर्मचारी करत नाही, कंपनी करते. वर्षाला ६५ हजार जागा आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढ्याच जागांसाठी त्याच्या कितीतरी पट नोंदणी होते, आणि जो वगळला जातो तो कमी लायक असतो असे कुणीही म्हणू शकत नाही. नोकरी गेली तर नवी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. पुढे ग्रीन कार्डासाठीही कंपनीनेच उभे राहावे लागते, आणि भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ या नोकरीवर आधारित प्रवर्गाची तारीख २०२५मध्ये २०१२-१३च्या आसपास रेंगाळत होती, म्हणजे त्या सुमारास अर्ज केलेल्यांचाच नंबर लागत होता. याउलट नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादाच नाही. कायद्याने ही मुभा त्या नागरिक मुलीला दिलेली आहे, कारण आपल्या नवऱ्यासाठी अर्ज करण्याचा तिचा अधिकार कायदा मानतो. तो अधिकार वापरायला तिने किंवा त्याने का लाजावे?

कागदांसाठी लग्नाची तारीख अलीकडे आणली तर ते खोटे लग्न ठरते, अशी भीतीही काहींनी घातली. एकत्र संसार करण्याचा हेतू लग्नाच्या वेळी होता की नाही, ही कसोटी आहे. १९७५च्या बार्क खटल्यात तर जोडपे पुढे वेगळे राहू लागले होते, तरीही अपील न्यायालयाने तेवढ्यावरून लग्न खोटे मानायला नकार दिला. तारीख अलीकडे आणणे ही सोय आहे, फसवणूक नाही.

खडूफळा

आपण माझे वाक्य उचलले, त्यामागचे कारण विचारले नाही. ते आता सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीला लग्नाच्या आधारे ग्रीन कार्ड मिळाले. ते मिळाले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नव्हती, म्हणून ते सशर्त होते. अट काढून घेण्याचा आय-७५१ अर्ज मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत, दोघांच्या सह्यांनी करायचा असतो. घरात खटके उडू लागल्यावर नवऱ्याने प्रत्येक भांडणात त्या सहीचा उल्लेख सुरू केला. ती फोनवर हळू आवाजात बोलायची आणि आम्ही इकडे हतबल असायचो. कंपनी तुम्हाला काढून टाकते तेव्हा व्हिसा जातो, पण ज्याच्याशी रात्री एका छताखाली झोपायचे त्यानेच व्हिसा हातात धरणे ही निराळी गोष्ट आहे. नोकरी बदलता येते. म्हणून मी त्या मुलाला सांगितले की आधी स्वतःच्या पायावर उभा राहा. त्यात बायकांचा अपमान शोधू नये. माझ्या डोळ्यांसमोर बहीण होती.

अबोली

नोकरी बदलता येते असे खडूफळा सहज लिहितात, तेव्हा त्या नोकरीवाल्याच्या घरातली दुसरी व्यक्ती त्यांना दिसत नाही. ती व्यक्ती मी होते.

नवऱ्याच्या एच-१बीवर मी एच-४ (एच-१बीवरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) घेऊन आले. जीवतंत्रज्ञानात पदव्युत्तर पदवी आणि प्रयोगशाळेतला अनुभव असूनही मला पगाराचे कोणतेही काम करता येत नव्हते. मे २०१५मध्ये एच-४च्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला तेव्हा मोठा आनंद झाला, पण त्यासाठी नवऱ्याचे आय-१४० (कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असावे लागते किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवलेला असावा लागतो. त्याची कंपनी दर वर्षी म्हणायची की पुढच्या वर्षी ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू करू. म्हणजे मी काम करावे की नाही हे अशा कंपनीचा मनुष्यबळ विभाग ठरवत होता, जिच्यासाठी मी कधीच काम केले नव्हते. ऑक्टोबर २०२५पासून तर नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला तरी जुना परवाना आपोआप वाढण्याची सोय काढून घेतली, त्यामुळे निर्णय वेळेत आला नाही तर हातातली नोकरी थांबवावी लागते.

खडूफळा यांच्या बहिणीला जे सोसावे लागले त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पण एच-४वरच्या बाईचा घटस्फोट झाला तर तिचा दर्जा त्याच दिवशी संपतो. तिच्याकडे सशर्त कार्डही नसते, मग अट काढण्याचा अर्ज ती कशाचा करणार?

तिठा

एच-४वर नोकरी करता येत नाही हे व्हिसाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाला ठाऊक असते. जाणूनबुजून आलेल्या माणसाने पुढे वर्षानुवर्षे तक्रार करावी, हे मला पटत नाही. मी आणि माझी पत्नी दोघेही भारतात जन्मलो, दोघेही एच-१बीवर आहोत, आणि कोणत्याही देशाला वर्षाच्या एकूण व्हिशांपैकी ७ टक्क्यांहून जास्त न देण्याच्या नियमामुळे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आहोत. आमच्याबरोबरच अर्ज केलेल्या एका सहकाऱ्याची पत्नी दुसऱ्या देशात जन्मलेली असल्याने त्याची गणना तिच्या जन्मदेशाच्या कोट्यात झाली आणि तो आमच्या कितीतरी आधी मोकळा झाला. काम तेच, पदवी तीच. आमच्या मुलांना २१व्या वर्षानंतर अवलंबित राहता येणार नाही, याची चिंता आम्ही रोज करतो. असे असताना इथे नागरिकाशी लग्न करावे की लॉटरी पाहावी यावर खल चालला आहे आणि त्यात एच-४ची जुनी रडकथा आली आहे.

अबोली

‘रडकथा’ हा शब्द मी विसरणार नाही. ठाऊक होते म्हणून अन्याय न्याय होतो का? सात टक्क्यांचा नियमही आपण आलात तेव्हा पुस्तकात होताच. तो १९९०च्या कायद्यातला आहे. आपण जाणूनबुजून आलात, तरी आपली चिंता खरी आहे असे मी मानते. माझी चिंता तेवढी खोटी का ठरते? आपल्या पत्नीला स्वतःचा एच-१बी मिळाला म्हणून आपल्या घरात हा प्रश्न उठला नाही. लॉटरीत तिचे नाव लागले नसते तर आपण तिलाही हेच ऐकवले असते का?

व्हिसाच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी मला नियम ठाऊक होता, हे खरे आहे. घरात एकाच्याच नावावर पगार असला की बोलण्याचा सूर कसा बदलतो आणि छोट्या खर्चाचेही स्पष्टीकरण आपण न मागता का देऊ लागतो, हे मात्र कोणत्याही सूचनापत्रकात लिहिलेले नव्हते. माझा नवरा चांगला माणूस आहे. तरीही असे झाले.

तिठा

माझ्या पत्नीला चर्चेत ओढण्याचे कारण नव्हते. एच-४च्या कामाच्या परवान्याला माझा कधीही विरोध नव्हता; माझा विरोध प्रत्येक धागा तिकडे वळवण्याला आहे. या मुलाला एच-४चा संबंधच येत नाही, त्याची होणारी बायको नागरिक आहे. सहा वर्षांपूर्वी ही सोय मला असती, तर मी एक दिवसही वाट पाहिली नसती.

रानवाट

तिठा, शेवटच्या वाक्यात आपण मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या बाजूने दिले आहे, हे नमूद करते. मात्र अबोली यांचा मुद्दा इथे अप्रस्तुत नाही. खडूफळा यांच्या म्हणण्याचा पायाच असा आहे की नोकरीचा मार्ग जोडप्याला बरोबरीचा ठेवतो, आणि अबोली यांचा अनुभव नेमका तोच पाया काढून घेतो.

खडूफळा यांच्या बहिणीबद्दल वाचून मन अस्वस्थ झाले. पण नवऱ्याने सही नाकारली की बाई संपली, असा समज पसरू देणे धोक्याचे आहे. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल, तर लग्न खऱ्या हेतूने केले होते याचे पुरावे देऊन आय-७५१ एकट्याने भरता येतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवरा छळत असेल आणि त्याने अर्जच केला नसेल, तर १९९४च्या महिला अत्याचारविरोधी कायद्याखाली पत्नी स्वतः अर्ज करू शकते, आणि छळ सोसणाऱ्या पुरुषालाही तो मार्ग खुला आहे. एच-४वरच्या जोडीदाराला या कायद्याने ग्रीन कार्डाचा मार्ग मिळत नाही. अवलंबून राहावे लागते म्हणून लग्नाचा मार्ग नाकारायचा असेल, तर हा फरकही विचारात घ्यावा लागेल.

पैलतीर

मी वकील नाही, पण या दोन्ही मार्गांवरून गेलो आहे, आणि इथे जो झगडा चालला आहे त्यातला अर्धा अनाठायी आहे, कारण दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. एच-१बी हा स्थायिक होण्याचा हेतू चालवून घेणारा व्हिसा आहे. आय-१३० (नागरिकाने जोडीदारासाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डाचा प्रत्यक्ष अर्ज) भरल्यावरही माणूस एच-१बीवर काम करत राहू शकतो आणि त्याच व्हिशावर परदेशी जाऊन परत येऊ शकतो. ओपीटीवरच्या मुलाला ही मोकळीक नाही. आय-४८५ प्रलंबित असताना अॅडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात न घेता तो देशाबाहेर गेला, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. आई-वडील आजारी असतील तर ही गोष्ट आधी विचारात घ्यावी. स्वाभिमानाची चर्चा नंतर होऊ शकते.

मात्र पुढच्या मार्चपर्यंत थांबून ओपीटी संपली आणि तो भारतात परतला, तर पुढचा हिशोब पार बदलतो. सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने देशाबाहेरच्या व्यक्तीसाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचा भार टाकला, आणि तो सोसणाऱ्या कंपन्या किती असतील हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. मग परदेशातून लग्नाच्या आधारे यावे लागले, तर के-१च्या (लग्न ठरलेल्या जोडीदाराच्या व्हिसाच्या) मोहात पडू नये. त्यात आल्यावर ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करून मग आय-४८५ भरायचा असतो आणि परवाना येईपर्यंत काम करता येत नाही. लग्न करून सीआर-१ या पती-पत्नीसाठीच्या व्हिशावर आलेला माणूस प्रवेशाच्या दिवसापासूनच कायम रहिवासी असतो.

नोकरीच्या रांगेत असलेल्या अविवाहितांसाठीही एक गोष्ट सांगतो, कारण त्यावर इथे कुणी बोलले नाही. ग्रीन कार्ड मंजूर होण्यापूर्वी लग्न झाले असेल, तरच जोडीदाराला त्याच अर्जात सामावून घेता येते. मंजुरीनंतर लग्न केले तर जोडीदार एफ-२एच्या, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांसाठी असलेल्या, मर्यादित जागांच्या रांगेत जातो, आणि तुम्ही एच-१बीवर उरलेले नसल्याने एच-४ही मिळत नाही. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने मुहूर्ताच्या हट्टापायी हे केले आणि संसाराची सुरुवात दोन देशांत झाली.

खडूफळा

बहिणीला एकट्याने अर्ज करता येत होता, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितले नाही. हा नियम आहे हे मान्य करतो. ‘आयुष्यभर टोचतो’ हे शब्दही मागे घेतो, पण केवळ रानवाट यांनी नियम दाखवला म्हणून. त्यांचा सूर मला आवडलेला नाही.

तरी एक गोष्ट सर्वजण टाळत आहेत. लग्नाच्या अर्जात नागरिक जोडीदाराला आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावे लागते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते, आणि ते नसेल तर सहहमीदार शोधावा लागतो, जो बहुधा मुलीचा बाप असतो. ही हमी घटस्फोटानेही संपत नाही; कार्डधारक नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, ती कायद्याने बांधून ठेवते. तेव्हा टोचणी एकाच बाजूला असते असे नाही. त्या मुलीनेही सही करण्यापूर्वी स्वतःचा वेगळा वकील गाठावा. आणि त्या मुलाने अर्जाच्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवावी, संयुक्त खात्यांची विवरणपत्रे आणि घरभाड्याचा करार स्वतः जपावा, कारण एकट्याने अर्ज करण्याची वेळ आली तर तेच पुरावे लागतात. हा बायकोवरचा अविश्वास आहे असे कुणी म्हटले तरी माझा आग्रह कायम आहे.

तिठा

प्रतींबाबत खडूफळा यांच्याशी सहमत. एच-४बाबत माझे मत बदललेले नाही. ‘रडकथा’ हा शब्द मात्र मी वापरायला नको होता, एवढे अबोली यांना सांगतो.

अबोली

पोचले. प्रतींचा विषय निघालाच आहे, तर नोकरीच्या मार्गावरच्यांनीही ऐकावे. आय-१४०च्या मंजुरीचा कागद कंपनीच्या नावाने येतो, आणि माझ्या कामाच्या परवान्यासाठी तोच लागत होता. कंपनीने प्रत द्यायला टाळाटाळ केली, आणि नोकरी जाईल या भीतीने नवरा पुन्हा मागायला धजावला नाही. एच-१बीवर असलेल्या प्रत्येकाने मंजुरी आल्याच्या आठवड्यातच ती प्रत लेखी मागावी आणि जोडीदाराच्या हातात द्यावी.