जुन्या रेडिओच्या लाकडी पेटीत कॉम्प्युटर: करावा की करू नये?

खटपट्या
बाजारातली कॅबिनेटं बघून कंटाळा आलाय. काळा पत्रा, बाजूला काच, आत रंगीत दिवे. माझ्या मते कॅबिनेटची कामं मोजकीच: मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड) घट्ट धरायचा, हवेला वाट द्यायची, बोटं पंख्यात जाऊ द्यायची नाहीत. व्हॉल्व्ह रेडिओची, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या जुन्या रेडिओची, लाकडी पेटी हे सगळं करू शकते. मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा बोर्ड जेमतेम १७० बाय १७० मिलिमीटर, एसएफएक्स या छोट्या मापाचा पॉवर सप्लाय त्याहून लहान. ॲपलचा पहिला कॉम्प्युटर, १९७६ चा ॲपल-१, तर नुसता बोर्ड म्हणून विकला जायचा. पेटी ज्याची त्याने करायची, आणि काहींनी ती लाकडाचीच केली. मग पत्र्याचाच हट्ट का?

तापमापी
साफ असहमत. ॲपल-१ चा दाखला इथे चालत नाही. आजचं मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड एकटंच दोनशे वॅटच्या आसपास उष्णता सोडतं. रेडिओच्या पुढच्या जाळीवर कापड ताणलेलं असतं, त्यातून हवा धड आत येत नाही. मग गरम हवा पेटीतच घोटाळते आणि पंखे तीच पुन्हा ओढतात. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे महागाचे भाग घ्यायचे आणि ते अर्ध्या ताकदीने चालवायचे!

खटपट्या
ग्राफिक्स कार्ड घाला असं मी म्हटलंच नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर, ग्राफिक्स त्यातलंच. व्हॉल्व्हसुद्धा तापायचे, म्हणून तर त्या पेट्यांचं मागचं झाकण भोकाभोकांचं असायचं. तिथेच १२० मिलिमीटरचा पंखा हवा बाहेर फेकायला लावा आणि तळाला आत येणाऱ्या हवेसाठी फट ठेवा.

टेस्टर
उष्णतेवरच का अडलात? पत्र्याचं कॅबिनेट बोर्डातून निघणारा रेडिओ गोंगाट (इतर उपकरणांत खरखर आणणाऱ्या लहरी) बराचसा अडवतं, लाकूड अडवत नाही. पेटीला आतून ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. बोर्ड पितळी स्टँडऑफवर (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांवर) आणि पॉवर सप्लाय, दोन्ही त्याच पत्र्यावर कसा, म्हणजे पत्र्याला अर्थिंग मिळेल. मात्र वायफायचा अँटेना पत्र्याबाहेर काढा.

आणि रेडिओचा मूळ बटण-खटका पॉवर बटण म्हणून जोडू नका, हे कळकळीने सांगतो. तो फिरवला की चालूच राहतो. कॉम्प्युटरला क्षणभराचा दाब लागतो. खटका जोडलेलाच राहिला तर साधारण चार सेकंदांनी बोर्ड ते सक्तीचं बंद समजतो आणि मशीन तिथल्या तिथे बंद पडतं. गोल बटण शोभेला ठेवा, मागे दाबून सुटणारा स्विच बसवा.

जुनी लहर
मला मूळ कल्पनाच पटत नाही. ज्याला तुम्ही ‘बंद पडलेला’ म्हणता, त्या रेडिओत बऱ्याचदा फक्त कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकलेले असतात. ते बदलले की आवाज येतो. जाणकाराला दाखवल्याशिवाय एकही पेटी रिकामी करू नये. आतलं यंत्र आधीच गेलेली पेटी मिळाली तर खुशाल वापरा.

खटपट्या
हे मान्य. चालू होण्यासारख्या रेडिओला हात लावायचा नाही.

तापमापी
६५ वॅटवर थांबणार असाल तर उष्णतेचा आक्षेप मागे घेतो. दुरुस्तीचा नाही. रॅम बदलायची तर त्या अंधाऱ्या पेटीत हात कसा घालणार?

खटपट्या
हात घालायचाच नाही. रेडिओचा सगळे भाग बसवलेला सांगाडा तळाचे स्क्रू काढले की मागून अख्खा बाहेर यायचा. बोर्ड, पॉवर सप्लाय, डिस्क सगळं एकाच ट्रेवर बसवा आणि तो ट्रे तसाच मागून सरकवा. टेस्टर म्हणतात तो ॲल्युमिनियमचा पत्रा म्हणजेच हा ट्रे.