थर्मल सायकलरमधले पेल्टिअर वारंवार बिघडतात, आणि विकायचं म्हटलं तर पेटंटचं काय?

सोळावी_नळी (प्रश्न)

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी ०.२ मिलीच्या १६ नळ्यांचा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) सायकलर, म्हणजे नळ्या आलटून-पालटून गरम-गार करणारं यंत्र, बनवतो आहोत. रचना अशी: ८० ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, त्याखाली टीईसी१-१२७०६ चे दोन पेल्टिअर (करंट दिला की एक बाजू गरम, दुसरी गार करणारे मॉड्यूल) सिरीजमध्ये, २४ व्होल्टचा सप्लाय, एच-ब्रिज (करंटची दिशा उलटवणारं सर्किट), आर्डुइनोवरून साधारण ५०० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम (करंट भराभर चालू-बंद करून कमी-जास्त करणं), आणि खाली सीपीयूचा हीटसिंक व पंखा. झाकण १०५ अंशांवर असतं. रन संपला की रात्रभर ४ अंशांचा होल्ड.

तीन अडचणी आहेत. ५८ वरून ९५ ला चढायला ३५ सेकंद लागतात, उतरायला मात्र ५५. दीडशे-दोनशे रननंतर एक पेल्टिअर ढेपाळतो, आणि मल्टिमीटरवर त्याचा रेझिस्टन्स दर वेळी वेगळाच दिसतो. कोपऱ्यातल्या चार नळ्यांचा जेलवरचा डीएनएचा बँड फिकट येतो.

शिवाय चार-पाच यंत्रं बनवून इतर महाविद्यालयांना विकायचा विचार आहे. कुणाचं पेटंट आड येईल का? ब्लॉक तापताना पंखा बंद आणि थंड होताना पूर्ण वेगात, अशी युक्ती आम्ही केली आहे. तिचं पेटंट मिळेल का?

तांबडी_वायर

आधी मल्टिमीटर बाजूला ठेवा. पेल्टिअरच्या दोन बाजूंत एका अंशाचा जरी फरक असला तरी तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो, त्यामुळे डीसीवर मोजलेला आकडा निरर्थक असतो. एसीवर मोजणारं एलसीआर मीटर १ किलोहर्ट्झवर लावून मोजा. नवा १२७०६ खोलीच्या तापमानाला २ ओमच्या आसपास दाखवतो. मॉड्यूल बसवण्याआधीचा आकडा वहीत लिहून ठेवा. त्यात ५ ते १० टक्के वाढ झाली की आतले सोल्डरचे सांधे तडकू लागलेत असं समजा.

आता मुख्य घोटाळा: फिल्टर नसलेला पीडब्ल्यूएम. उष्णता वाहून नेण्याचं काम सरासरी करंटवर चालतं, पण मॉड्यूलच्या आत फुकट तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गावर. ३ अ‍ॅम्पिअर सपाट दिले तर २ ओममध्ये १८ वॅट जळतात. तेच ३ अ‍ॅम्पिअर ५० टक्के ड्यूटीवर ६-शून्य-६-शून्य असे दिले तर ३६ वॅट. उपसा तेवढाच, कचरा दुप्पट. तुमचा उताराचा वेळ इथेच जातो. तापवताना हा कचरा उलट मदतीला येतो, म्हणून चढताना काही जाणवत नाही.

उपाय: पीडब्ल्यूएम १०० किलोहर्ट्झच्या घरात न्या (आर्डुइनोच्या साध्या analogWrite ला ते जमणार नाही, टायमर थेट सेट करावा लागतो), ब्रिजच्या प्रत्येक पायावर ३३ मायक्रोहेन्रीचं, १० अ‍ॅम्पिअरला सॅच्युरेट न होणारं कॉइल आणि पुढे कपॅसिटर. पेल्टिअरवरचा रिपल (करंटमधला उरलेला चढउतार) १० टक्क्यांच्या खाली आला की पुरे. दिशा बदलताना करंट आधी शून्यावर आणा, मग उलट्या दिशेने अर्ध्या-एक सेकंदात चढवा. भरल्या करंटवर फटकन पोलॅरिटी उलटवणं म्हणजे सांध्यांना दर सायकलला एक धक्का. ३५ सायकलचे २०० रन म्हणजे ७००० सायकल. साधा १२७०६ त्यासाठी बनवलेलाच नाही, तो पाणी गार करण्याच्या कामाचा. सायकलिंगसाठी वेगळ्या श्रेणीचे मॉड्यूल मिळतात, ज्यांत सोल्डर जास्त तापमानाचं असतं आणि एका बाजूच्या सांध्यात मऊ थर असतो. महाग पडतात, पण वर्षभरात हिशेब जुळतो. स्वस्त मॉड्यूलमध्ये बरेचदा १३८ अंशांना वितळणारं बिस्मथ-टिन सोल्डर असतं हेही लक्षात असू द्या.

पकड_आणि_पाना

वरच्याशी सहमत, पण अर्धे पेल्टिअर वायरमुळे नाही, स्क्रूमुळे मरतात.

दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या आसपास हवा. ४० मिमी चौरसाच्या दोन मॉड्यूलसाठी एकूण ३२० किलो, म्हणजे चार स्क्रूंवर प्रत्येकी ८०. एम४ स्क्रूला ते साधारण ०.६ न्यूटन-मीटर होतं. कर्णाकर्णी, तीन फेऱ्यांत आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातलात तर सिरॅमिकला कोपऱ्यातून चीर जाते, जी डोळ्यांना दिसत नाही. स्क्रूच्या डोक्याखाली बेलव्हिल (बशीसारखे, स्प्रिंगचं काम करणारे) वॉशर हवेतच, नाहीतर ब्लॉक तापून फुगला की दाब वाढतो आणि गार झाला की सैल पडतो. स्क्रू स्टेनलेसचे, इन्सुलेटिंग बुशसह. पितळी स्क्रू ब्लॉकमधली उष्णता थेट हीटसिंकला पोचवतात.

दोन मॉड्यूल शेजारी असले तर जाडी मायक्रोमीटरने मोजा. ०.०२५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जाडा मॉड्यूल सगळा दाब खातो, पातळ नुसता पेस्टवर तरंगतो आणि भाजून निघतो. "एकच पेल्टिअर ढेपाळतो" हे वाचून मला पहिला संशय हाच आला. सिंकचा पृष्ठभागही लॅप करून (घासून सपाट करून) घ्या. पेस्ट पातळ लावा, लोण्यासारखी थापू नका.

आणि तो ४ अंशांचा होल्ड. हवेतला ओलावा मॉड्यूलच्या फटींत जमतो आणि सांधे गंजतात. कोकणात किंवा पावसाळ्यात हे फार लवकर होतं. कडेने आरटीव्ही सिलिकॉनचा बंद द्या.

चांदीचा ब्लॉक कुणी सुचवलाच तर एक गंमत सांगून ठेवतो. सारख्याच आकाराच्या चांदीच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकला एक अंश तापायला जवळपास सारखीच ऊर्जा लागते, घनसेंटिमीटरला सुमारे २.४ ज्यूल. चांदीचा फायदा उष्णता सगळीकडे सारखी पसरण्यात आहे. ब्लॉक जलद करायचा असेल तर धातू बदलण्यापेक्षा नळ्यांच्या मधलं वजन खोदून काढा. तुमच्या ८० ग्रॅमना अंशामागे ७२ ज्यूल लागतात, म्हणजे सेकंदाला २ अंशांसाठी १४४ वॅट नक्त. ५० ग्रॅमवर आणलात तर ९०.

मास्टरमिक्स

कोपऱ्यांबद्दल. ब्लॉकच्या कडा हवेला उष्णता देतात, आणि पेल्टिअर कडेपर्यंत पोचत नसेल तर भर पडते. बाजूंना फोम लावा, आणि तरी फरक राहिला तर परिघाला पातळ पॉलिइमाइड हीटर गुंडाळा. पण आधी मोजा. नळीत २५ मायक्रोलिटर पाणी, वर थेंबभर मिनरल ऑइल, झाकणाला सुईने भोक पाडून बारीक तारेचा के-टाइप थर्मोकपल पाण्यात बुडवा. ब्लॉकमधला सेन्सर ९५ म्हणतो तेव्हा पाणी बरेचदा ८८-९० वरच असतं. होल्डचा काळ ब्लॉकवरून मोजलात तर डीनेच्युरेशन (डीएनएचे दोन धागे सुटणं) अर्धवट राहतं, आणि कोपऱ्यात ते सगळ्यात आधी दिसतं.

म्हणून ब्लॉक काही सेकंद दोन-तीन अंश वर नेऊन परत आणतात. त्यापुढे जाऊ नका: डीएनएच्या प्रती बनवणाऱ्या टॅक एन्झाइमचं अर्धायुष्य ९५ अंशांना सुमारे ४० मिनिटं आहे, ९७.५ ला ९ च्या आसपास. ३५ सायकलमध्ये तेवढंच पुरेसं नुकसान होतं.

झाकण आधी तापू द्या, मग ब्लॉक सुरू करा. उलट केलंत तर पहिल्याच दोन-तीन मिनिटांच्या डीनेच्युरेशनमध्ये पाणी वर जाऊन जमतं, खाली मीठ आणि प्रायमरचं प्रमाण बदलतं. झाकणाच्या हीटरला थर्मल फ्यूज लावलाय ना?

रात्रभर ४ अंश कशाला? सकाळी जेल चालवायचं असेल तर १० ते १२ अंश भरपूर झाले.

दावा_क्रमांक_एक

पेटंटकडे येतो.

मूळ पद्धतीची, पीसीआर शोधणाऱ्या म्युलिस यांची अमेरिकी पेटंटं, ४,६८३,१९५ आणि ४,६८३,२०२, २८ जुलै १९८७ ला मिळाली. १९९१ मध्ये रोश या औषध कंपनीने सीटस या कंपनीकडून हक्क ३० कोटी डॉलरना घेतले. अमेरिकेत मुदत २००५ च्या मार्चमध्ये संपली. यंत्राचं, म्हणजे गरम-गार करण्याच्या स्वयंचलनाचं, पेटंट ५,३३३,६७५ हे १९९४ चं, तेही संपलं. गरम झाकण आणि नमुन्याचं तापमान गणिताने काढणं, यांवरची पर्किन-एल्मरची पेटंटंही त्याच काळातली.

पेल्टिअर वापरला की पेटंट लागत नाही, हा एक गैरसमज मात्र खोडतो. एमजे रिसर्च ही कंपनी पेल्टिअरचीच यंत्रं बनवायची. २००४ मध्ये अमेरिकेत पेटंटभंगाच्या खटल्यात ज्युरीचा कौल तिच्याविरुद्ध गेला आणि त्याच वर्षी बायो-रॅडने ती विकत घेतली. दावा तापमानाच्या चक्राचा असेल तर उष्णता पेल्टिअरची की पाण्याची, याने सुटका होत नाही. म्हणून शीर्षक न वाचता स्वतंत्र दावे वाचा. त्यातला प्रत्येक घटक तुमच्या यंत्रात आहे का ते पाहा. त्यातला एक जरी नसेल तर तो दावा शब्दशः लागत नाही.

भारतात फक्त भारतीय पेटंट लागू होतं, मुदत अर्जापासून २० वर्षं. पेटंट कायद्याच्या कलम ४७(३) प्रमाणे प्रयोग, संशोधन आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी यंत्र बनवणं-वापरणं चालतं. विकणं त्यात येत नाही, त्यामुळे विकण्याआधी इनपासवर (भारतीय पेटंट कार्यालयाची ऑनलाइन शोधसेवा) शोध घ्या. वर्गीकरण बी०१एल ७/५२, जोडीला सी१२क्यू १/६८६ आणि पेल्टिअरसाठी एफ२५बी २१. सापडलेल्या पेटंटचं नूतनीकरण शुल्क भरलेलं आहे का तेही बघा. बरीच मधेच सोडून दिलेली असतात.

पंख्याच्या युक्तीवर पैसे घालवू नका. जाणकाराला सहज सुचेल अशी आहे, शोधपायरी सिद्ध होणार नाही. ज्ञात भागांची नुसती जुळणी कलम ३(एफ) मध्येही अडकते. पेटंट मिळतं ते ब्लॉकच बदलण्यासारख्या गोष्टीला. बंगळुरूच्या बिगटेकने हीटर असलेली सिरॅमिक चिप केली, ज्यावरचं ट्रूनॅट हे पीसीआर चाचणीयंत्र गोव्याची मोलबायो बनवते: ६ मायक्रोलिटर नमुना, बॅटरीवर चालतं. तुमच्याकडे तसं काही निघालंच तर इथे आकृती टाकण्याआधी तात्पुरता अर्ज करा, मग पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात.

सोळावी_नळी

मॉड्यूल काढून जाडी मोजली. ३.८१ आणि ३.९० मिमी. जुळते दोन मागवतो. फिल्टरसाठी ४७० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक पडून आहेत, ते थेट पेल्टिअरच्या दोन टोकांना लावले तर चालतील का?

तांबडी_वायर

नाही! दिशा उलटली की त्यांच्यावर उलटं व्होल्टेज येईल आणि फुटतील. प्रत्येक पायावरून ग्राउंडला लावा, किमान ३५ व्होल्टचे, लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेले). टोकांच्या मधे लावायचा तर सिरॅमिक, तोही हव्या त्या कपॅसिटीच्या दुप्पट आकडा छापलेला घ्या, कारण डीसी व्होल्टेज पडलं की त्याची कपॅसिटी निम्म्यावर येते.