'साहेब' मूळचा कुठला?

आमच्या ऑफिसात शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे एकमेकांना साहेब म्हणतात, हा शब्द इंग्रजांनी आणला असं एक जण छातीठोकपणे सांगत होता. खरंय का? मेमसाहेब वगैरे ऐकून मलाही तसंच वाटायचं.

– पेठकरी

इंग्रजांचा काय संबंध! मूळ अरबी शब्द साहिब, अर्थ सोबती. पैगंबरांच्या सोबत्यांना सहाबा म्हणतात ते त्याच धातूपासून. मग अरबीतच मालक, धनी हा अर्थही आला, आणि फारसीतून आपल्याकडे पोचेपर्यंत मान चढत गेला. गंमत म्हणजे आपलं 'सोबत'पण तिथलंच, अरबी सुहबत. म्हणजे साहेब आणि सोबती सख्खे भाऊ, फक्त एकाला केबिन मिळाली :)

– चहाबाज

मेमसाहेब मात्र अर्धी इंग्रजीच, मॅम अधिक साहेब. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करून घेतला, तरी जिजाऊ आऊसाहेबच राहिल्या ना! आणि शीख तर ग्रंथालाच साहिब म्हणतात, गुरु ग्रंथ साहिब.

– नांदेडकर

मी मोरोक्कन लोकांबरोबर काम करते, तिथे 'साहबी' म्हणजे माझा मित्र, अगदी आपल्या 'भावा'सारखं, दर वाक्यात. तुर्कीत साहिप म्हणजे मालक, आणि स्वाहिलीत साहिबू परत मित्रच.

– दूरदेशी

म्हणजे उद्यापासून डायरेक्टरला साहेब म्हणताना मनात 'भावा' म्हणायला हरकत नाही 😄

– पेठकरी