मदत हवी आहे: युगोस्लाव्हियाबद्दल मराठीत काय वाचावं?

मिला तुरायलिचचा 'द अदर साइड ऑफ एव्हरीथिंग' (2017) हा माहितीपट पाहिला आणि अक्षरशः हललो. बेलग्रेडमधलं (तेव्हाची युगोस्लाव्हियाची, आताची सर्बियाची राजधानी) एक घर. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट सरकारने त्याची वाटणी केली, आणि दिवाणखान्यातलं एक दार कुलूपबंद झालं ते कित्येक दशकं. पलीकडे दुसरी माणसं! दिग्दर्शिकेची आई स्रबियांका प्राध्यापक, सर्बियाचा हुकूमशाही वृत्तीचा नेता मिलोशेविच याच्या विरोधातल्या आंदोलनात पुढे असलेली.

माझ्या आईला तो दाखवायचाय. पण युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो, देशाची 1991 नंतरची फाळणी, मिलोशेविचची सत्ता उलथवणारा 5 ऑक्टोबर 2000 चा उठाव, ही पार्श्वभूमी तिला माहीत नाही आणि इंग्रजी वाचनाची सवय नाही. या विषयावर मराठीत एखादं सोपं पुस्तक किंवा दीर्घ लेख कुणी सुचवेल का? जुन्या दिवाळी अंकातला असला तरी चालेल, शोधून काढीन.