गावच्या घरी डीटीएचचा स्मार्ट बॉक्स नेटला जोडायचाय, चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय पोचत नाही. काय घ्यावं?

कुडाळचा_पुण्यात

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. कुडाळजवळ आमचं गावचं घर आहे, आईबाबा तिथेच असतात, मी पुण्यात. घर जुनं, चिऱ्याचं, वर कौलं. फायबर ओटीपर्यंत आलंय आणि राऊटर तिथेच भिंतीवर ठोकलाय, टीव्ही मात्र माजघराच्या पलीकडच्या खोलीत, म्हणजे मध्ये दोन जाड भिंती. गेल्या गणपतीत त्यांना छत्रीवाला साधा बॉक्स बदलून अँड्रॉइडवाला घेऊन दिला, का तर बाबांना यूट्यूबवर दशावतार बघायचे असतात आणि आईला सुटलेले एपिसोड. चॅनल सगळे छान दिसतात पण यूट्यूब लावलं की गोल फिरत बसतं, कधी बॉक्स म्हणतो वायफाय कनेक्टेड पण इंटरनेट नाही.

इथला दुकानदार म्हणतो रिपीटर घ्या, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा. बॉक्सच्या मागे लॅनचं पोर्ट (नेटची वायर लावायची जागा) आहे असं बाबा फोनवर म्हणाले. बजेट साधारण ३ हजार. अजून एक, पावसात छत्रीचं सिग्नल जातं तेव्हा हाच बॉक्स नेटवरून चॅनल दाखवेल का? पुढच्या आठवड्यात गावी जातोय, तेव्हाच सगळं करून यायचंय.

मालवण_किनारा

चिऱ्याच्या घरात वायफायचा काय खरा नाय. वायर ओढ आणि मोकळो हो.

तारांचा_माणूस

रिपीटर घेऊ नका, निदान सगळ्यात आधी तरी नको. कारण सांगतो. रिपीटर जिथे लावणार तिथे मुळात चांगलं सिग्नल पोचत असेल तरच तो पुढे चांगलं देऊ शकतो, तुमच्या घरी तो माजघरात बसणार म्हणजे एक भिंत आधीच खाऊन आलेलं सिग्नल तो उचलणार, वर स्वस्तातले रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि बोलतात त्यामुळे स्पीड जवळपास निम्मा होतो. मग बॉक्सवर वायफायच्या काड्या फुल दिसतात आणि व्हिडिओ तरीही अडकतो, आणि आईबाबा बिचारे समजतात की बॉक्सच खराब आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या आणि घरच्यांनाही समजावा. त्या बॉक्समध्ये दोन वेगवेगळ्या वाटांनी माल येतो. चॅनल येतात छत्रीवरून, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. यूट्यूब, सुटलेले एपिसोड, ॲप्स हे सगळं नेटवरून. म्हणून नेट बंद पडलं तरी चॅनल चालू राहतात आणि पावसात छत्री गेली तरी यूट्यूब चालू राहतं. काय बंद पडलंय ते बघितलं की दोष कुठल्या बाजूला आहे ते फोनवरूनसुद्धा कळतं.

आता गावी गेलात की पहिल्या दिवशी काही विकत न घेता एवढं करा. बॉक्स टीव्हीच्या मागे चिकटवला असेल तर बाहेर काढा, टीव्हीची मागची बाजू धातूची असते आणि बॉक्सच्या आतला अँटेना छोटासा, तो तिथे दबून जातो. मग राऊटरमध्ये २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांना वेगळी नावं द्या, बॉक्स २.४ वर जोडा कारण जाड भिंतीतून तेच त्यातल्या त्यात जातं, वायफायचा चॅनल (टीव्हीचा नव्हे, राऊटरच्या सेटिंगमधला) १, ६ किंवा ११ पैकी एक ठेवा. बॉक्सची तारीख आणि वेळ ऑटोमॅटिक वर आहे का बघा, वेळ चुकीची असेल तर ॲप्स सर्व्हरशी जोडलीच जात नाहीत आणि मग ते "कनेक्टेड पण इंटरनेट नाही" असं येऊ शकतं. शेवटी बॉक्स उचलून ओटीवर राऊटरशेजारी न्या, छत्रीची वायर नसली तरी चालेल, एचडीएमआयने एखाद्या टीव्हीला लावा आणि यूट्यूब चालवून बघा. तिथे व्यवस्थित चाललं तर बॉक्स ठणठणीत आहे आणि प्रश्न फक्त भिंतींचा आहे.

भिंतींचाच असेल तर कॅट सिक्स केबल, म्हणजे राऊटरपासून बॉक्सपर्यंत नेटची तार. टीव्ही काही फिरणारी वस्तू नाही, एका जागी बसणाऱ्या वस्तूला तारच द्यावी, हवा मोबाईलसाठी मोकळी ठेवावी. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात, ४केला १५ ते २५, त्यामुळे बॉक्सचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं तरी काही फरक पडत नाही. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर त्यात कितीतरी वेळा बसेल.

पनवेलकर७७

माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण याच धाग्यात विचारतो. छत्रीची कोॲक्स वायर आधीच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली असते ना, मग तिच्यावरूनच नेट नेता येणार नाही का? उगाच दुसरी वायर कशाला.

तारांचा_माणूस

@पनवेलकर७७ बरेच जण विचारतात हे. कोॲक्सवरून नेट नेणारे अडॅप्टर असतात, मोका म्हणतात त्यांना, पण ते साधारण ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि छत्रीच्या एलएनबीकडून (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) बॉक्सकडे येणारं सिग्नल असतं ९५० ते २१५० मध्ये. म्हणजे दोघं एकाच रस्त्यावर समोरासमोर. शिवाय त्याच वायरवरून बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो. चालू छत्रीच्या वायरवर हा प्रयोग करूच नका. जुनी छत्री काढून टाकलेली असेल आणि वायर नुसती पडून असेल तर गोष्ट वेगळी, पण ते अडॅप्टर आपल्याकडच्या दुकानात सहज मिळत नाहीत.

रत्नागिरीची_सून

पॉवरलाइन अडॅप्टरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. एक राऊटरजवळच्या प्लगात आणि दुसरा टीव्हीजवळच्या, नेट घरातल्या विजेच्या वायरिंगमधून जातं. सासरी लावलंय, भिंत फोडायला सासऱ्यांचा सक्त विरोध होता म्हणून. चालतं, पण अटी आहेत. दोन्ही प्लग एकाच फेजवर हवेत, स्पाइक बस्टरमध्ये खोचायचे नाहीत थेट भिंतीतल्या प्लगातच, आणि एक खोली इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरी नाही असं असेल तर भरवसा नाही. पाण्याचा पंप किंवा मिक्सर लागला की आमचा स्पीड खाली येतो. यूट्यूबला पुरतं, ४केला नाही. गावची वायरिंग जुनी असेल तर दुकानदाराकडून परत घेण्याच्या बोलीवरच आणा.

आणि भाऊ, राऊटरला छोटा यूपीएस नक्की घ्या, १२ व्होल्टवाला मिळतो. आधी राऊटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, बरेच १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाही. गावाला लाईट दिवसातून कितीदा जाते ते काय सांगायला नको, दर वेळी राऊटर परत सुरू होऊन नेट यायला पाच मिनिटं आणि तोवर म्हातारी माणसं रिमोटची बटणं दाबून सगळी सेटिंगं बदलून ठेवतात.

कुडाळचा_पुण्यात

खूप छान माहिती, धन्यवाद सगळ्यांना. वायरिंग बाबांच्या लग्नाच्या आधीची आहे त्यामुळे पॉवरलाइन नको वाटतंय. केबलच टाकतो. पण कुठून नेऊ? भिंतीला भोक पाडायला बाबा तयार होतील असं वाटत नाही, आणि वर उंदीर आहेत.

मालवण_किनारा

वाशांवरून ने. आमच्या काकांकडे तसाच केलाव. ओटीवरून भिंतीच्या कडेने वर, वाशांखालून, माजघर ओलांडून पलीकडे खाली. उंदरांसाठी पीव्हीसी पाइपातून ने, नुसती केसिंग पट्टी ते कुरतडतात. आणि पावसाच्या आधी करून घे, मग कौलं ओली झाली की वर चढूचा नाय.

तारांचा_माणूस

मालवणकर बरोबर बोलतायत, पाइप हवाच. केबल घेताना दुकानात स्पष्ट विचारा प्युअर कॉपर आहे का, स्वस्तातल्या केबलमध्ये आत ॲल्युमिनिअम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो, लांबी वाढली की त्रास देते आणि कनेक्टरजवळ पटकन तुटते. घराबाहेरून एखादा तुकडा जाणार असेल तर काळ्या आवरणाची बाहेरची केबल घ्या, निळी-करडी उन्हात तडकते. पाच-सहा मीटर जास्त घ्या, आखडून बसवू नका.

कनेक्टर दोन्ही टोकांना एकाच क्रमाने, क्लिप खाली आणि तांब्याच्या पट्ट्या आपल्याकडे ठेवून डावीकडून पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिंपिंगची पकड (कनेक्टर दाबून बसवायची) नसेल तर केबल टाकून झाल्यावर गावातल्या केबलवाल्या पोराला बोलवा, त्याच्याकडे टेस्टरपण असतो. आठही दिवे ओळीने लागले पाहिजेत.

आंबोली_धुकं

एक गंभीर मुद्दा कोणी घेतला नाही. विजा. छत्री कौलांवर लोखंडी पाइपावर, तिथून कोॲक्स बॉक्समध्ये, आणि आता तुम्ही बॉक्स तांब्याच्या तारेने राऊटरला जोडणार. म्हणजे छत्रीच्या आसपास वीज पडली तर आत्तापर्यंत बॉक्स आणि टीव्ही जायचे, आता राऊटरही जाणार. आमच्याकडे शेजारी असंच झालंय, वळवाच्या पावसात. वायफायवर ठेवलं तर निदान ती साखळी तुटते.

तारांचा_माणूस

@आंबोली_धुकं अगदी खरं, आणि हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार, कोकणात हा मुद्दा टाळून चालतच नाही. छत्रीचा पाइप आणि कोॲक्सचं बाहेरचं जाळं दोन्ही अर्थिंगला जोडून घ्या, त्यासाठी ग्राउंडिंग ब्लॉक मिळतो, वायर घरात शिरते तिथेच लावायचा. थेट वीज पडली तर त्यानेही वाचणार नाही, म्हणून गडगडाट सुरू झाला की छत्रीची वायर, लॅनची वायर आणि प्लग तिन्ही काढायची सवय लावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आईबाबांना जमेल असं हवं तर बॉक्सच्या मागे हात सहज जाईल अशी मांडणी करा.

पण यावरून मला तुमच्यासाठी याहून चांगला मार्ग सुचतोय. तांब्याची तार घरभर फिरवण्यापेक्षा फायबरच टीव्हीपर्यंत न्या. फायबरवाल्याला सांगा की ओटीवरचा ओएनटी, म्हणजे तो फायबर येतो तो डबा, टीव्हीच्या खोलीत हलवायचाय. त्याला आतली पातळ फायबर वाशांवरून न्यायची आहे, काम तेवढंच. फायबरची काच वीज वाहून नेत नाही. फक्त बाहेरच्या ड्रॉप वायरला आधाराची स्टीलची तार असते, ती भिंतीबाहेरच कापून ठेवायला सांगा. मग ओएनटी टीव्हीशेजारी, तिथून हातभर लॅन केबल बॉक्सला, विषय संपला. ओएनटी छत्रीच्या वायरच्या साखळीत राहीलच, त्याला इलाज नाही, पण लांब तार वर कौलांखाली पसरलेली राहणार नाही.

कुडाळचा_पुण्यात

हे आवडलं. पण मग ओटीवर मोबाईलला रेंज नाही राहणार, बाबा दिवसभर तिथेच बसतात.

पनवेलकर७७

ओटीवर एखादा जुना राऊटर लावा की.

लोणंद_फ्रीडिश

डीटीएच ठेवायचंच असं नसेल तर फ्रीडिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डीटीएचचा, विचार करा, जीसॅट-१५ वरून ९३.५ अंश पूर्वेकडून येतं, महिन्याचे पैसे नाहीत. माझ्याकडे यूएसबीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर (छत्रीचं सिग्नल घेणारा) रास्पबेरी पायला, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरला लावलाय, त्यावर टीव्हीहेडएंड हे चॅनल नेटवर्कवर देणारं सॉफ्टवेअर, आणि घरातल्या कुठल्याही फोनवर न लॉक केलेले चॅनल नेटवर्कवरून दिसतात. वेगळे बॉक्स लागत नाहीत.

रत्नागिरीची_सून

हे तुमच्यासारख्या जाणकारांना ठीक. आईबाबांच्या घरी असं काहीतरी ठेवायचं जे बिघडलं तर फोनवर सांगून सुरू करता येईल.

सह्याद्री_बघणारा

पावसाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं म्हणून देतो. डीटीएच केयू बँडवर येतं, १२ गीगाहर्ट्झच्या आसपास, आणि मुसळधार पाऊस ते सिग्नल शोषतो. छत्री गेल्यावर बॉक्स आपोआप नेटवरून चॅनल दाखवेल असं गृहीत धरू नका, ते ॲप उघडून लावावं लागतं. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपवर तुम्ही पैसे भरलेले चॅनल लाईव्ह दिसतात, सगळे नाही. सह्याद्री वाहिनी प्रसार भारतीच्या वेव्ज ॲपवर आहे, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं. होम स्क्रीनवर ही ॲप्स पहिल्या ओळीत आणून ठेवा म्हणजे आईला शोधत बसावं लागणार नाही.

आणि छत्री ६० सेंटीमीटरची असेल तर ९० ची लावता येते, सव्वादोनपट क्षेत्रफळ म्हणजे साधारण साडेतीन डेसिबल जास्त. धो धो पावसात तरीही जाईल पण कमी वेळ जाईल. आधी एलएनबीच्या कनेक्टरवरची टेप आणि गंज बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच असतात.

डेटाचंही लक्षात घ्या, एचडी तासाला सव्वादोन जीबीच्या आसपास, रोज ४ तास धरले तर महिन्याला २७० जीबी. प्लॅनची मर्यादा बघून ठेवा.

कुडाळचा_पुण्यात

ठरलं मग, फायबरवाल्याशी आत्ताच बोललो, ओएनटी हलवून देतो म्हणाला. सोबत छोटा यूपीएस घेतो, छत्रीची अर्थिंग करून घेतो. घरी एक जुना राऊटर पडून आहे, तो ओटीवर लावायचा तर काय सेटिंग करायची? तिथपर्यंत केबल लागेलच ना?

तारांचा_माणूस

लागेल, ती वाशांवरून पाइपातून. विजेची भीती अजिबातच नको असेल तर मेश किट (एकमेकांशी वायफायने जोडलेले दोन-तीन डबे) घ्या, एक डबा माजघराच्या दाराच्या रेषेत ठेवला तर उघड्या दारातून पुरेसं जातं, पण बजेट वाढेल.

जुन्या राऊटरसाठी: आधी तो मुख्य नेटवर्कला न जोडता फोनवरून उघडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल असं धरून, आधी खात्री करा), मग डीएचसीपी (जोडलेल्या फोनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राऊटरचाच ठेवा म्हणजे बाबांना काहीच बदलायला नको, चॅनल मात्र वेगळा, मुख्य १ वर असेल तर हा ११ वर. केबल वॅनच्या (बाहेरचं नेट येतं त्या) पोर्टात न घालता लॅनच्या पोर्टात घाला. असं केल्यावर फोन आणि बॉक्स एकाच नेटवर्कवर राहतात, नाहीतर बाबा ओटीवरून फोनवरचं टीव्हीला कास्ट करायला जातील तेव्हा बॉक्स यादीत दिसणारच नाही. गेस्ट वायफायवर फोन जोडू नका, तिथेही कास्ट होत नाही. लॅन लावल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जुनं वायफाय फरगेट करून टाका, आणि दोन्ही राऊटरचे पासवर्ड कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा.