बोअरसाठी पाणाड्या आणायचाय, तपासणी कशी करावी?

तळमजला (बावधन)
सोसायटीत नवीन बोअर मारायचंय. कमिटीने पाणाड्या ठरवलाय. तळहातावर नारळ आडवा ठेवून पार्किंगभर फिरणार, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली. 'पाणी नाही लागलं तर एक रुपया नको' म्हणतो, त्यामुळे सगळे खूश. मला सभेत अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचं नाही, लोक लगेच चहाकडे वळतात. नारळ उभा कसा राहतो आणि याची तपासणी कशी करायची, एवढंच सांगा.

काटकोन
तळहातावरचा आडवा नारळ जेमतेम तोललेला असतो. बोटं जराशी वाकली, मनगट थोडं कललं की फिरलाच. काही पाणाडे नारळाऐवजी बेचक्याची (इंग्रजी Y सारखी) काडी धरतात, तिचं तर आणखी सोपं. दोन्ही टोकं मुठीत बाहेरच्या बाजूला ताणून धरतात, त्यामुळे काडीत धनुष्यासारखा ताण भरलेला असतो. मनगट बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं वळलं, तरी तो ताण सुटतो आणि टोक झटक्यात खाली जातं. धरणाऱ्याला मनापासून वाटतं की काडी जमिनीनेच ओढली. नकळत होणाऱ्या या हालचालींचं वर्णन ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्येच केलं होतं. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ फॅरडे यांनी दाखवलं, की आत्मे बोलावण्याच्या बैठकीत हलणारं टेबल बसलेल्यांचेच हात ढकलतात. तेव्हा सभेत त्या माणसाला लबाड म्हणू नका. बहुधा तो नसेलही, आणि तसं म्हटलंत की पुढची चर्चा संपली.

काळा पाषाण
खरी गंमत जमिनीखाली आहे. पुण्याखाली साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांमध्ये, सच्छिद्र थरात आणि दोन थरांच्या सांध्यात. अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ नाही. जमिनीखालून नदीसारखी वाहणारी 'शीर' इथे शोधूच नका. पावसाळ्यानंतर थोडाफार ओलावा बऱ्याच ठिकाणी लागतो, म्हणून फुली कुठेही मारली तरी 'पाणी लागलं' म्हणायची सोय असते. प्रश्न असतो किती लागलं आणि मे महिन्यात किती उरलं.

बोअर मारल्यावर किती पाणी लागलं ते सांगताना वापरतात तो 'दोन इंची पाणी' हा शब्दही तपासा. लोकांना वाटतं दोन इंची पाइप भरून. ९० अंशांच्या व्ही-नॉचवर (पाणी मोजायची V आकाराची खाच) पाण्याची दोन इंच उंची म्हणजे तासाला साधारण 2,900 लिटर, आणि तेही बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर हवा मारत असताना. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, त्यामुळे अर्ध्या इंचाची चूकही महागात पडते. एप्रिल-मेमध्ये पंप सलग चालवून पातळी किती उतरते आणि बंद केल्यावर किती वेळात परत चढते, ते मोजा. त्या आकड्यावर विश्वास ठेवा.

यंत्राने पाणी शोधणाऱ्यांचंही ऐकून घ्या, पण डोळे मिटून नको. विद्युतरोधकता (जमीन विजेला किती अडवते ते) मोजताना जमिनीत चार सळया ठोकतात. समान अंतराच्या पद्धतीत साधारण 50 मीटर खोलीचा अंदाज हवा असेल तर सुमारे 150 मीटर सरळ रेष लागते. तुमच्या पार्किंगमध्ये कुठून आणणार? वर काँक्रीट, केबल, पाइपलाइन. शिवाय थरांमधली लाल माती आणि चिकणमातीही पाण्यासारखाच कमी रोध दाखवते. त्यात लाल मातीचा थर ओला झाला की बोअरमध्ये ढासळतो, केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) तिथपर्यंत न घातल्यास पंप अडकतो. शेजारच्या सोसायट्यांच्या बोअरची खोली आणि उन्हाळ्यात पातळी किती उतरते ते विचारा. फुकट आहे आणि बहुतेक वेळा जास्त उपयोगी.

उलटतपासणी
चाचणी अशी घ्या. झाकणाच्या 10 एकसारख्या बादल्या. एकीत पाणी, नऊंत तेवढ्याच वजनाची वाळू. पाणी कुठल्या बादलीत हे चिठ्ठी काढून ठरवा. मांडणारा माणूस मांडून निघून जाईल, पाणाड्याबरोबर फिरणाऱ्याला काहीच माहीत नसेल. हे चुकलं तर बाकी सगळं व्यर्थ, कारण सोबत्याचा चेहराच उत्तर सांगतो. सुरुवातीला झाकण उघडून एकदा नारळ उभा राहतो का बघा आणि 'इथे शक्ती चालते' असं त्याच्याकडून लिहून घ्या. मग 10 फेऱ्या, दर फेरीला नवी चिठ्ठी. नुसत्या नशिबाने साधारण एक फेरी बरोबर येईल. चार किंवा जास्त येण्याची शक्यता 100 मध्ये जेमतेम एक. तीन आल्या तर उड्या मारू नका, तीन किंवा जास्त 100 मध्ये सातदा नशिबानेही येतात.

तळमजला
साठलेलं पाणी ओळखत नाही, वाहतं लागतं, असं म्हणाला तर?

उलटतपासणी
ते चाचणीआधी विचारायचं. जर्मनीत कासेलला 1990 मध्ये नेमकं तेच केलं होतं: 50 सेंमी खोल पुरलेला पाइप, पाणी कधी चालू, कधी बंद. तीस जणांनी प्रयत्न केला, निकाल नाणेफेकीइतकाच.

काटकोन
'पाणी नाही तर पैसे नको' हा सौदा कागदावर मांडून दाखवा. बोअर कोरडी गेली तर त्याचा तोटा फक्त चालण्याचा, ड्रिलिंगचं प्रत्येक फुटाचं बिल तुमचं. लागली तर फी त्याची. आणि 'लागलं' ठरवायला तासाला किती लिटर, कुठल्या महिन्यात, हे करारात लिहिलेलं नसतं. ते लिहा म्हणा, तोच तुमचा ठराव.

काळा पाषाण
आणि गच्ची 500 चौरस मीटर असेल तर 700 मिमी पावसात, 80 टक्के धरले तरी, 2,80,000 लिटर पाणी उतरतं. ते वाळूच्या गाळणीतून जुन्या बोअरमध्ये सोडता येतं. पहिल्या पावसाचं मात्र बाहेर काढा, गच्चीवरची कबुतरांची विष्ठा त्यात असते.